छातीचा व्यायाम : काय निवडावं, किती करावं

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी, सायंआरतीनंतर मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा हा मजकूर. अनेक सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी वक्त्यांकडून लिहून घेतला आहे. – संपादक मंडळ)



कार्यक्रमपत्रिकेत ‘छातीचा व्यायाम’ असा विषय छापून आल्यावर दोन आजोबांनी मला विचारलं, ‘‘म्हणजे हृदयविकारावर बोलणार का?’’ आणि त्याच संध्याकाळी दोन मुलांनी विचारलं, ‘‘काका, तुम्ही बेंच किती मारता?’’ आज दोघांनाही उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

हा विषय घ्यायला एक निमित्त आहे. या सभागृहामागच्या खोलीत, जिथे आपण वर्षभर मांडवाचं सामान ठेवतो, तिथे व्यायामशाळा करायचं ठरलं आहे. वर्गणीतून थोडी शिल्लक उरली आहे. कार्यकारिणीसमोर दोन प्रस्ताव आहेत. एक म्हणजे चार कोपऱ्यांवर चार जण बसतील असं मोठं मल्टिजिम यंत्र. दुसरा म्हणजे साधा बेंच, रॉड, प्लेटा आणि डंबेल्स. मी दुसऱ्या प्रस्तावाच्या बाजूचा आहे. पण माझं मत आधी लादत नाही. छातीचा स्नायू काम कसं करतो हे एकदा समजलं, की काय विकत घ्यायचं आणि काय नाही हे तुम्हीच ठरवाल.

आता सगळ्यांनी उजव्या हाताचा तळवा डाव्या छातीवर ठेवा. लाजू नका, आजींनीसुद्धा ठेवा. आता डावा हात सरळ बाजूला पसरा आणि मिठी मारल्यासारखा समोर आणा. तळव्याखाली जो घट्ट होतो तो छातीचा मोठा स्नायू, पेक्टोरालिस मेजर. पंख्यासारखा पसरलेला. त्याचा एक भाग गळ्याखालच्या आडव्या हाडापासून, म्हणजे कॉलर बोनपासून निघतो आणि दुसरा, मोठा भाग छातीच्या मधल्या हाडापासून व बरगड्यांपासून. दोन्ही भाग एकत्र येऊन दंडाच्या हाडाला चिकटतात. म्हणून त्याचं मुख्य काम एकच, दंड शरीराच्या मध्याकडे आणणं. ढकलणं, मिठी मारणं, दाबून धरणं ही सगळी त्याचीच कामं. वरचा भाग हात पुढे आणि वर नेतो, खालचा भाग हात खाली आणि आत ओढतो.

एवढ्यावरून छातीचे व्यायाम दोन जातींचे होतात. एक ढकलण्याचे : बेंच प्रेस, डंबेल प्रेस, जोर, डिप्स. यांत छातीबरोबर खांद्याचा पुढचा भाग आणि दंडाची मागची बाजू, म्हणजे ट्रायसेप्स, काम करते. दुसरे मिठीचे : फ्लाय, केबल, पेक डेक यंत्र. यांत कोपर जवळजवळ स्थिर असतं, त्यामुळे ट्रायसेप्सला सुट्टी मिळते आणि ओझं छातीवर येतं. नावं पन्नास असोत, जाती या दोनच.

यातला ‘जोर’ हा शब्द मी मुद्दाम घेतला. आपल्या लोकांना छातीचा व्यायाम जिमवाल्यांनी शिकवलेला नाही. पुण्याचा मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचा, हे इथल्या पुणेकरांना सांगायला नको. आपल्या उत्सवाचं आणि आखाड्याचं नातं असं जुनं आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, आणि आपण ज्या शहरात राहतो त्या बंगळूरमध्ये के. व्ही. अय्यर यांनी १९३०च्या दशकात आपल्या व्यायामशाळेत सूर्यनमस्कार, आसनं आणि वजनं ही तिन्ही एकत्र शिकवली. म्हणजे देशी चांगलं की विलायती चांगलं हा वाद इथे नव्वद वर्षांपूर्वीच मिटलेला आहे. आपण तो पुन्हा उकरून काढायचं कारण नाही.

जोर किंवा पुश-अप म्हणजे वजनाशिवायचा व्यायाम, असं आपण समजतो. ते खरं नाही. साध्या पुश-अपमध्ये, हात सरळ असताना, शरीराच्या वजनाचा सुमारे ६४ टक्के भार हातांवर येतो. म्हणजे ७५ किलोचा माणूस जवळजवळ ४८ किलो ढकलत असतो. गुडघे टेकले तर भार ४९ टक्क्यांवर येतो. हात दोन फूट उंच टेबलावर ठेवले तर ४१ टक्क्यांवर, आणि उलट पाय दोन फूट उंच स्टुलावर ठेवले तर ७४ टक्क्यांवर जातो. भिंतीला हात टेकून केले तर याहूनही कितीतरी हलकं. म्हणजे भिंत, टेबल, गुडघे, जमीन, स्टूल अशा पायऱ्या घरातच आहेत, एक पैसा खर्च न करता. तालमीतले जुने लाकडी हत्ते आठवतात का कुणाला? ते हातात धरून जोर काढले की मनगट सरळ राहतं आणि छाती तळव्यांच्याही खाली जाते, म्हणजे स्नायू जास्त ताणला जातो. स्नायू ताणलेल्या अवस्थेत भार पेलतो तेव्हा तो चांगला वाढतो असं अलीकडच्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आपल्या वस्तादांनी ते अनुभवानं ओळखलं होतं.

मग रॉड कशाला? कारण जोर वाढवताना एक अडचण येते. पहिल्या महिन्यात दहा निघतात, सहाव्या महिन्यात चाळीस. त्यापुढे नुसती संख्या वाढते, ताकद तितकी वाढत नाही. रॉडवर मात्र दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट चढवली की अडीच किलो वाढतात, आणि ते वहीत लिहिता येतात. बेंच प्रेसची खरी ताकद या मोजमापात आहे.

आणि त्याचा धोकाही तिथेच आहे. इथे मला स्वतःची गोष्ट सांगावी लागेल.

अडतिसाव्या वर्षी मी बेंच सुरू केला. माझं वजन तेव्हा ७५ किलो, आणि ‘स्वतःच्या वजनाएवढं बेंच मारायचं’ असा हट्ट. सोमवारी छाती, गुरुवारी छाती, पाठ कधीच नाही. कोपरं खांद्याच्या रेषेत बाहेर फाकलेली, पाठ बेंचवर सैल, रॉड गळ्याजवळ उतरवायचा. कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आठ महिन्यांनी ७५ किलो एकदा उठले. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. त्या वर्षीच्या गणपतीत आरतीचं ताट उजव्या हातानं छातीच्या वर नेता येईना. ताट मुलीच्या हातात दिलं आणि मी नुसता उभा राहिलो. विसर्जनाला सगळ्यांचे हात वर, माझा खाली. फिजिओथेरपिस्टनं तपासून सांगितलं, खांद्यातला स्नायूबंध दर वेळी चिमटला जातोय, आणि पुढे ओढणारे स्नायू घट्ट झालेत, मागे ओढणारे दुबळे राहिलेत. पुढचे पाच महिने मी रबराची पट्टी ओढत होतो. ७५ किलोचं काय झालं हे त्या पाच महिन्यांत कुणी विचारलंसुद्धा नाही.

म्हणून मुलांनो, बेंच मारण्याची रीत नीट ऐका. बेंचवर झोपल्यावर पाठीवरची खांद्याची पाती, ज्यांना जुने लोक खवाटे म्हणत, ती मागे आणि खाली ओढून बेंचवर घट्ट रोवायची. पाय जमिनीवर पक्के. हातांतलं अंतर खांद्यांच्या रुंदीच्या साधारण दीडपट. अंगठा रॉडभोवती गुंडाळलेलाच हवा. बिनअंगठ्याची पकड म्हणजे रॉड निसटण्याला आमंत्रण. रॉड स्तनाग्रांच्या रेषेजवळ सावकाश उतरवायचा, छातीवर आपटायचा नाही. कोपरं अंगाला चिकटलेली नकोत आणि काटकोनात फाकलेलीही नकोत, मधे ठेवा. सुरुवात रिकाम्या रॉडनं. मोठा रॉडच २० किलोचा असतो, त्यात कमीपणा काही नाही.

आणि एकट्यानं बेंच मारायचा नाही. डोक्याशी सपोर्ट द्यायला एक माणूस हवाच, किंवा दोन्ही बाजूंना रॉड अडवणारे पक्के आडवे दांडे असलेला स्टँड हवा. एका व्यायामशाळेत रात्री उशिरा एक मुलगा रॉडखाली अडकलेला मी स्वतः पाहिला आहे. रॉड छातीवरून गळ्याकडे सरकत होता आणि त्याला ओरडताही येत नव्हतं. आम्ही दोघे योगायोगानं तिथे होतो म्हणून निभावलं.

आता बाकीचे व्यायाम थोडक्यात पाहू.

डंबेल प्रेस. दोन्ही हात सुटे असल्यामुळे प्रत्येक खांदा आपापली सोयीची वाट धरतो. हात खोल खाली जातात, स्नायू जास्त ताणला जातो, आणि उजवा हात डाव्याचं काम उचलत नाही. दम संपला तर डंबेल बाजूला टाकता येतं, गळ्यावर काही येत नाही. चाळिशीनंतर सुरू करणाऱ्यांना मी रॉडच्या आधी हाच व्यायाम सांगेन.

इनक्लाइन, म्हणजे तिरक्या बेंचवरचा प्रेस. छातीचा वरचा भाग भरण्यासाठी हा करतात. पण बेंच किती तिरका ठेवावा? २०२० मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी शून्य ते साठ अंशांपर्यंतचे पाच कोन तपासले. वरच्या भागाचं काम सर्वांत जास्त दिसलं ते ३० अंशांना. ४५च्या पुढे काम खांद्याकडे सरकत जातं. आपली मुलं बेंच खुर्चीसारखा उभा करून इनक्लाइन मारतात, तो छातीचा कमी आणि खांद्याचा जास्त व्यायाम होतो. बेंचचं दुसरं-तिसरं भोक पुरे.

फ्लाय, केबल, पेक डेक. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज या संस्थेनं २०१२ मध्ये एक छोटी चाचणी करवून घेतली होती. चौदा तरुण, छातीचे नऊ व्यायाम, आणि स्नायूतल्या विद्युत संदेशांचं मोजमाप. रॉडचा बेंच प्रेस पहिला आला, पेक डेक यंत्र त्याच्या अगदी जवळ, आणि पुढे झुकून केलेलं केबल तिसरं. साधा पुश-अप बराच मागे राहिला. हे वाचून लगेच जोर सोडू नका. चौदाच माणसं, तीही तरुण, आणि विद्युत संदेश जास्त म्हणजे स्नायू तितकाच जास्त वाढेल असं गणित नसतं. शिवाय साधा पुश-अप म्हणजे जमिनीवरचा, वाढीव वजनाशिवायचा. पायाखाली स्टूल आणि पाठीवर वजन दिलं की त्याची किंमत वाढते. त्या चाचणीतून घ्यायचं ते एवढंच, की ढकलण्याचा एक चांगला व्यायाम आणि मिठीचा एक, एवढ्यात छातीचं बहुतेक काम भागतं.

डिप्स. समांतर दांड्यांवर शरीर तोलून खाली-वर होणं. चांगला व्यायाम आहे, पण संपूर्ण शरीराचं वजन आणि खांदा मागे ताणलेला, म्हणून माझ्यासारख्या दुखऱ्या खांद्याच्या लोकांनी टाळावा.

निवड कशी करायची? एक ढकलण्याचा व्यायाम सपाट बेंचवर, एक ३० अंशांवर, आणि शेवटी एक मिठीचा. एकूण तीन. चौथा नको. आठवड्यातून दोन दिवस, मधे किमान दोन दिवसांची विश्रांती. दर आठवड्याला छातीचे एकूण दहाच्या आसपास सेट भरले की बहुतेकांना पुरतात. नवशिक्याला सहासुद्धा पुरतात. एका सेटमध्ये आठ ते पंधरा वेळा उचलता येईल असं वजन घ्या, आणि अजून एक-दोन वेळाच निघेल असं वाटलं की थांबा. हलकं वजन जास्त वेळा उचललं तरी स्नायू वाढतो, अट एवढीच की सेटच्या शेवटी खरोखर दमायला हवं. पंधरा सहज निघायला लागले की वजन अडीच किलोनं वाढवा. वहीत तारीख आणि आकडा लिहा. इंजिनिअर लोकांना हे सांगायला नको.

आणि एक गोष्ट मी पाच महिने देऊन शिकलो. जितके सेट ढकलण्याचे, किमान तितकेच ओढण्याचे. वाकून रॉड किंवा डंबेल पोटाकडे ओढा, दांड्याला लटकून पुल-अप काढा. दिवसभर संगणकासमोर बसून आपले खांदे तसेही पुढे आलेले असतात. त्यावर नुसती छाती केली तर ती पुढे येण्याऐवजी खांदेच आणखी पुढे येतात.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येतो. वजन उचलताना श्वास कोंडला तर रक्तदाब फार वर जातो. १९८५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी धडधाकट शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीतच नळी घालून तो मोजला. पायांनी अतिजड वजन ढकलताना तो सरासरी ३२० वर २५० पर्यंत गेला. तो काही क्षणांपुरता असतो, पण ज्याचा दाब आधीच जास्त आहे त्यानं ती वेळ आणू नये. ढकलताना श्वास सोडा, उतरवताना घ्या. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा, मग भिंतीवरच्या जोरापासून सुरुवात करा. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी छाती दुखते, दाबलं की किंवा हात हलवला की जास्त दुखते, ते बहुधा स्नायूचं दुखणं असतं. पण छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटणं, घाम फुटणं, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, दम लागणं, यांतलं काहीही झालं तर ‘काल बेंच मारला होता म्हणून असेल’ असं म्हणून घरी बसू नका. थेट इस्पितळ गाठा.

भगिनींना एवढंच सांगतो की वजन उचलून कुणी पहिलवान दिसत नाही. स्नायू तितका वाढायला लागणारं संप्रेरक बायकांच्या शरीरात फार कमी असतं. पण गाडीतली बॅग वरच्या कप्प्यात टाकायला कुणाला हाक मारावी लागू नये, एवढी ताकद सहा महिन्यांत येते. पहिल्या आठवड्यात ओट्याला हात टेकून दहा जोर काढून पाहा.

शेवटी मागच्या भिंतीकडे वळतो. पोरांनो, डब्यांबद्दल. स्नायू वाढवायला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. त्याहून जास्त घेतल्यानं सरासरी फायदा वाढलेला दिसत नाही. साठ किलोच्या मुलाला साधारण ९५ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच किंवा थोडी जास्त, सोयाबीनच्या ५० ग्रॅम वड्यांत सुमारे २५. उसळ, वरण, दही, पनीर, मासे आहेतच. आईला सांगून हे ताटात जमत असेल तर डबा लागत नाही. नसेल जमत तर चांगल्या कंपनीची व्हे पावडर हे एक अन्नच आहे, त्यात पाप नाही. पण कुणी इंजेक्शन किंवा गोळ्या देऊ केल्या, ‘तीन महिन्यांत छाती बनवतो’ म्हणाला, तर तिथून निघून या. स्टेरॉइडनं शरीराचं स्वतःचं पुरुष संप्रेरक बंद पडतं, अंडकोष आक्रसतात, मूल होण्यात अडचण येते, हृदयाचा स्नायू बिघडतो, आणि कित्येकांना बायकांसारखी स्तनवाढ होते. छाती बनवायला गेलेल्या मुलाची ही अवस्था होते. घरी सांगायची लाज वाटत असेल तर मला सांगा. मी ओरडणार नाही.

आता खरेदीचा प्रश्न. यंत्र वाईट नाही. स्नायू वाढण्याच्या बाबतीत यंत्र आणि मोकळी वजनं यांत फारसा फरक नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण आपली खोली लहान आहे. यंत्राची केबल तुटली की दुरुस्त करणारा माणूस शोधावा लागतो, आणि उत्सवात ते हलवून मांडवाचं सामान बाहेर काढता येत नाही. त्यापेक्षा तिरका करता येणारा एक बेंच, आडवे दांडे असलेला स्टँड, एक रॉड, सव्वा किलोपासूनच्या प्लेटा, वजन बदलता येणारी डंबेल्सची एक जोडी, भिंतीत ठोकलेला पुल-अपचा दांडा आणि हत्त्यांच्या चार जोड्या घ्या. यात एका वेळी सहा-सात जण व्यायाम करू शकतील, आणि यातलं काहीही वीस वर्षांत बिघडत नाही. उरलेल्या पैशात दोन महिने एखादा जाणकार प्रशिक्षक लावावा. सगळ्यांची रीत पहिल्या दोन महिन्यांतच बसते किंवा बिघडते. किल्ली मात्र एकट्याच्या हातात द्यायची नाही. दोन नावं वहीत लिहिल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही, हा एक नियम केला तरी माझं आजचं बोलणं सार्थकी लागलं असं मी समजेन.

परवा विसर्जन आहे. मूर्ती उचलायला दर वर्षी तेच सहा जण पुढे येतात, आणि त्यांतल्या तिघांनी आता पन्नाशी ओलांडली आहे. पुढच्या वर्षी त्यांच्या जागी मागच्या भिंतीजवळची मुलं असावीत, आणि त्यांचे खांदे शाबूत असावेत. माझा हात आता पूर्ण वर जातो. तो वर करूनच थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!